विश्लेषण : हिवाळा संपला, पण हरणे उरली किती? अमेरिकेत परराज्यातील शिकारीचे गणित बर्फामुळे कसे बदलते?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वायोमिंग, कोलोरॅडो या राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी दरवर्षी इतर राज्यांतून हजारो जण येतात. त्यासाठी अर्ज, सोडत, अनेक वर्षे जमवलेले गुण, रजा आणि खर्च असे लांबलचक नियोजन करावे लागते. एक कडक हिवाळा मात्र हे सगळे विस्कटून टाकतो. २०२२-२३ च्या हिवाळ्याने ते दाखवून दिले आणि त्याचे पडसाद अजून संपलेले नाहीत.

त्या हिवाळ्यात काय घडले?

पश्चिम वायोमिंगमधील ‘वायोमिंग रेंज’ हा म्यूल डिअरचा देशातील नावाजलेल्या कळपांपैकी एक. खेचरासारख्या मोठ्या कानांमुळे या हरणाला हे नाव पडले. वायोमिंग विद्यापीठाचे संशोधक या कळपातील हरणांच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधून वर्षानुवर्षे नोंदी ठेवत आहेत. त्या हिवाळ्यात कॉलर लावलेल्या पाडसांपैकी एकही वाचले नाही. प्रौढ माद्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक मेल्या. एरवी प्रौढ मादी ही कळपातील सर्वांत टिकाऊ घटक मानली जाते, म्हणून हा आकडा अभ्यासकांनाही हादरवणारा होता. पाइनडेल परिसरात प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याचेही मोठे नुकसान झाले. तिथे बर्फाच्या जोडीला ‘मायकोप्लाझ्मा बोविस’ या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया पसरला होता. शेजारच्या वायव्य कोलोरॅडोतही हरीण, एल्क आणि प्राँगहॉर्नचे मोठे नुकसान झाले.

थंडीने हरणे मरतात का?

थेट थंडीने क्वचितच. हरीण मरते ते उपासमारीने. हिवाळ्यात सेजब्रशसारख्या झुडपांतून मिळणारे अन्न शरीराला पुरत नाही. शरद ऋतूत साठवलेली चरबी हीच बॅटरी, आणि ती चार्ज करण्याची सोय थेट वसंतात. बर्फ खोल असला की प्रत्येक पावलाला जास्त ऊर्जा लागते. मध्येच ऊन पडून बर्फ वितळला आणि पुन्हा गोठला, तर वर कडक कवच तयार होते आणि खालचा चारा हाती लागत नाही. पाडसांचे शरीर लहान आणि साठा कमी, त्यामुळे ती आधी जातात. माजाच्या काळात दमलेले मोठे नरही रोडावलेल्या अवस्थेत हिवाळ्यात शिरतात.

आणखी एक गोष्ट अनेकांना खटकते. लोक दयेपोटी मका किंवा सुके गवत टाकतात आणि तरीही हरणे मरतात, कधी पोट भरलेले असताना. हरणाच्या पोटातील सूक्ष्मजीव हिवाळ्यात झुडपांच्या काड्या पचवण्यासाठी जुळवून घेतलेले असतात. अचानक धान्य मिळाले की पोटात आम्लता वाढते आणि प्राणी दगावतो.

मृत्यूचा खरा आकडाही मार्चमध्ये कळत नाही. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळत असतानाही अशक्त प्राणी मरत राहतात. नियोजनाच्या दृष्टीने हीच मोठी अडचण आहे, कारण अर्जांच्या तारखा त्याच सुमारास येतात.

परराज्यातील शिकाऱ्याला परवाना कसा मिळतो?

सोडतीने. म्हाडाची लॉटरी डोळ्यांसमोर आणा, फक्त एक फरक करा. इथे नंबर लागला नाही, तर पुढच्या वर्षासाठी ‘प्रेफरन्स पॉइंट’ मिळवता येतो. (म्हाडाने अशी सोय केली तर अनेकांचे आयुष्य सोपे होईल.) वायोमिंगमध्ये परराज्यातील अर्जदारांसाठीच्या हरणांच्या परवान्यांपैकी ७५ टक्के सर्वाधिक पॉइंट असलेल्यांना जातात, उरलेले २५ टक्के निव्वळ नशिबावर. चांगल्या भागासाठी लागणारे पॉइंट दरवर्षी वाढत जातात, कारण रांगेत नवे लोक येत राहतात आणि परवाने तेवढेच असतात. परवाना मिळाला की जमवलेले सगळे पॉइंट शून्य. ते दुसऱ्याला देताही येत नाहीत.

पैशांतही मोठी तफावत आहे. २०२४ च्या हंगामात वायोमिंगच्या रहिवाशाला हरणाचा परवाना ४२ डॉलरला पडत होता, तर परराज्यातील माणसाला ३७४ डॉलरला. ‘स्पेशल’ गटातून अर्ज केल्यास १,२०० डॉलरच्या वर. त्या गटात स्पर्धा कमी असते, एवढाच फायदा.

मग कडक हिवाळ्यानंतर अर्ज करायचा की थांबायचे?

दहा-बारा वर्षे पॉइंट जमवलेल्या माणसासाठी हा प्रश्न सोपा नाही. राज्यानुसार उत्तरही बदलते. वायोमिंगमध्ये वन्यजीव आयोग साधारण एप्रिलमध्ये हंगाम आणि परवान्यांची संख्या ठरवतो आणि परराज्यातील अर्जदारांना हरणासाठी जूनच्या सुरुवातीपर्यंत मुदत असते. म्हणजे कपात किती झाली, हे पाहून निर्णय घेता येतो. कोलोरॅडोत उलटे आहे. तिथे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात आणि परवान्यांची अंतिम संख्या मेमध्ये मंजूर होते. किती जागा आहेत हे माहीत नसताना रांगेत उभे राहण्यासारखेच. २०२३ मध्ये वायव्य कोलोरॅडोत परवान्यांत मोठी कपात झाली, तेव्हा अर्ज आधीच भरून झाले होते.

याहून महत्त्वाचे गणित आहे ते वयाचे, आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. ‘एक वर्ष थांबू, मग सगळे ठीक होईल’ असे वाटते. पण २०२२ च्या जूनमध्ये जन्मलेली पाडसे जवळपास नाहीशी झाली. त्यामुळे २०२३ च्या शरद ऋतूत दीड वर्षांचे नर नव्हते, २०२४ मध्ये अडीच वर्षांचे, २०२५ मध्ये साडेतीन वर्षांचे. मोठ्या शिंगांचा नर चार-पाच वर्षांचा लागतो. म्हणजे ही पोकळी सर्वांत जास्त जाणवते ती २०२६ आणि २०२७ मध्ये! शिवाय माद्याच कमी उरल्याने २०२३ मधील जन्मही घटले. बर्फ वितळल्यावर चार वर्षांनी त्याचा फटका बसतो, तो असा.

दुसरी बाजूही आहे. वाचलेल्या हरणांना चारा भरपूर मिळतो, कारण खाणारी तोंडे कमी झालेली असतात. माद्या सुदृढ असतील तर जुळी पाडसे होतात. त्यामुळे हिवाळे सौम्य गेल्यास कळप सावरतो, पण एक-दोन वर्षांत नव्हे.

परवाने कमी केले, मग बंदीच का नाही?

हा वाद वायोमिंगमध्येही झाला. जीवशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, कळप किती वाढणार हे माद्यांवर आणि पाडसांच्या जगण्यावर ठरते. एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे फक्त नरांच्या मर्यादित शिकारीने कळपाची वाढ थांबत नाही. माद्यांची शिकार बंद करणे मात्र गरजेचे असते. विरोधकांचा मुद्दा वेगळा आहे. उरलेल्या थोड्या मोठ्या नरांवर सगळ्यांची नजर राहिली, तर कळपात लहान नरच शिल्लक राहतील. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते, कारण पहिली बाजू संख्येबद्दल बोलते आणि दुसरी दर्जाबद्दल.

पैशांचा पैलूही विसरता येत नाही. राज्यांचे वन्यजीव विभाग बऱ्याच अंशी परवाना शुल्कावर आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवर लागणाऱ्या संघीय करावर चालतात. वायोमिंगला परवान्यांतून मिळणाऱ्या पैशांत परराज्यातील शिकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे हरणे वाचवण्यासाठी परवाने कापायचे, तर ती मोजण्यासाठी लागणारा पैसाही कमी होतो.

हिवाळा किती कडक होता, हे मोजतात कसे?

मिनेसोटाची पद्धत समजायला सोपी आहे. बर्फाची जाडी १५ इंच किंवा अधिक असलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण, तापमान शून्य फॅरनहाइट (उणे १८ सेल्सिअस) किंवा त्याखाली असलेल्या प्रत्येक दिवसाला आणखी एक. हंगामाची बेरीज १०० च्या खाली असेल तर हिवाळा सौम्य, १८० च्या वर गेली तर तीव्र. २०१३-१४ च्या कडक हिवाळ्यानंतर तिथे बहुतेक भागांत माणशी एकच हरीण, अशी मर्यादा घातली गेली आणि २०१४ मध्ये शिकार सुमारे १ लाख ३९ हजारांवर आली. तीन दशकांतील हा नीचांक होता.

जायचेच ठरले, तर काय पाहावे?

त्या भागाच्या वन्यजीव जीवशास्त्रज्ञाला फोन करणे हा सर्वांत स्वस्त आणि उपयोगी मार्ग. हे अधिकारी लोकांशी बोलतात. किती नर, किती पाडसे, हे हिवाळ्यानंतरचे प्रमाण विचारावे. म्यूल डिअर स्थलांतर करतात. रेड डेझर्ट ते होबॅक हा त्यांचा ज्ञात मार्ग सुमारे १५० मैलांचा आहे. त्यामुळे सप्टेंबरमध्ये ज्या डोंगरात शिकार करायची, तिथला हिवाळा पाहून उपयोग नाही. ती हरणे हिवाळ्यात कुठे होती, ते पाहावे लागते.

वायोमिंगमध्ये संघीय ‘विल्डरनेस’ क्षेत्रात परराज्यातील माणसाला परवानाधारक गाइड किंवा स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय हरणाची शिकार करता येत नाही. नकाशा न पाहता अर्ज करणारे इथे अडकतात. १ जानेवारी १९६६ नंतर जन्मलेल्यांना शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. परतताना ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या हरणांच्या मेंदूच्या रोगामुळे अनेक राज्ये अख्खे धड आणू देत नाहीत. हाडे काढलेले मांस आणि साफ केलेली कवटी तेवढी चालते. मांसाची तपासणी करून घ्यावी, कारण बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

मराठी वाचकांचा संबंध काय?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या काही मराठी मंडळींना मात्र सहकाऱ्यांकडून ‘येतोस का’ असे आमंत्रण मिळते. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथल्या संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद आहे, पण त्याच्या अटी नीट समजून घ्याव्यात. सहकाऱ्याच्या भरवशावर बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारलेले बरे. प्रश्न हरणाचा नसून व्हिसाचा असतो.