नवीन रॉकर आर्म बसवले आणि इंजिन टकटक करतंय? आधी कारण शोधा, मग पार्ट बदला

महागडे रॉकर आर्म बसवले, इंजिन चालू केलं आणि टकटक सुरू झाली. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? "पार्टच खराब निघाला" म्हणतात आणि तोच पार्ट पुन्हा नवा आणून बसवतात. थोड्या दिवसांत तोही जातो. सर्व्हर सारखा क्रॅश होत असेल तर नुसता रीस्टार्ट करून भागत नाही, लॉग वाचावा लागतो. इंजिनातही लॉग असतो, फक्त तो धातूवरच्या खुणांमध्ये लिहिलेला असतो. तो कसा वाचायचा ते आज पाहू.

उदाहरणासाठी १९५५ मध्ये आलेलं शेव्हरोलेटचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन घेऊ. अमेरिकेत हौशी लोक अजूनही हे इंजिन घरच्या गॅरेजमध्ये खोलतात, त्यामुळे त्याला आफ्टरमार्केट पार्ट भरपूर मिळतात.

रॉकर आर्म करतो काय?

हा एक छोटा सी-सॉ आहे. कॅमशाफ्ट लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर करतो आणि दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. या इंजिनात कंपनीच्या रॉकरचं गुणोत्तर १.५ असतं. म्हणजे कॅमने ७.५ मिमी उचललं तर व्हॉल्व्ह ११.२५ मिमी उघडतो. १.६ चा रॉकर लावला की तोच व्हॉल्व्ह १२ मिमी उघडतो. व्हॉल्व्ह जास्त उघडला की हवा जास्त येते, म्हणून लोक अपग्रेड करतात. पण हे पाऊण मिमी आजूबाजूच्या पार्टनाही झेपायला हवं. गडबड बरेचदा तिथेच होते.

पहिला नियम: इंजिन बंद

आवाज अचानक वाढला असेल तर "जरा चालवून बघू" म्हणू नका. रोलर रॉकरच्या बेअरिंगमध्ये बारीक सुया असतात. त्या सुटल्या तर ऑइलच्या वाटेने खाली जातात आणि काही रॉकरचा खर्च अख्ख्या इंजिनवर जातो. ऑइल काढून बघा, फिल्टर कापून बघा. धातूचे कण दिसले तर आधी ते कुठून आले हे शोधा.

आता खुणा वाचा

१. नट सैल झालाय? रोलर रॉकरच्या लॉक नटमध्ये एक छोटा स्क्रू असतो. तो स्टडच्या माथ्यावर दाबून बसतो. माथा सपाट नसेल तर स्क्रूची पकड लागत नाही, नट हळूहळू फिरतो आणि टकटक सुरू होते. नुसतं परत आवळून उपयोग नाही, स्टडच बघा.

२. व्हॉल्व्हच्या टोकावर रुंद पट्टा घासलाय? मग पुशरॉडची लांबी चुकली असण्याची शक्यता जास्त. टोकाला मार्करने रंग लावा, हलकी स्प्रिंग घाला आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. खूण अरुंद आणि साधारण मध्यावर हवी. ती बाहेरच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूला सरकली असेल तर सर्वसाधारणपणे पुशरॉड लांब आहे, आतल्या बाजूला असेल तर आखूड. "जुनाच पुशरॉड चालेल" हे गृहीत धरू नका, कारण नव्या रॉकरची उंची वेगळी असू शकते.

३. पुशरॉडच्या अंगावर चकाकती रेघ आहे? १.६ च्या रॉकरमध्ये पुशरॉडची वाटी स्टडच्या जवळ येते, त्यामुळे पुशरॉड हेडच्या भोकाला घासू शकतो. तिथे जागा करून द्यावी लागते.

४. रॉकर व्हॉल्व्हवरून बाजूला सरकतोय? काही रॉकरच्या टोकाला कडा असतात आणि ते स्वतःच सरळ राहतात. बाकीच्यांना बरेचदा गाइड प्लेट लागते. दोन्ही एकत्र लावले तर ते एकमेकांशी भांडतात आणि व्हॉल्व्हचं टोक झिजतं. रॉकरला सरळ ठेवणारं काहीच नसेल तर तो फिरतो आणि निसटतो. शिवाय गाइड प्लेट असेल तर पुशरॉड कडक केलेलाच हवा, नाहीतर प्लेट त्याला कापत जाते.

५. पुशरॉड वाकलाय किंवा स्टड उपटलाय? इथे रॉकरला दोष देऊ नका. काहीतरी अडकलंय आणि जोर सगळ्यात कमजोर जागी निघालाय. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून तपासा: स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात का? रिटेनर खाली सीलवर आपटतो का? रॉकरची खाच स्टडला लागते का? वेढ्यांमध्ये मिळून साधारण १.५ मिमी जागा शिल्लक हवी.

अर्ध्या फेऱ्याची गंमत

हायड्रॉलिक लिफ्टर असेल तर मोकळीक संपल्यावर नट साधारण अर्धा फेरा आवळतात. पण ३/८ इंची स्टडवर इंचाला २४ आटे असतात आणि ७/१६ इंची स्टडवर २०. म्हणजे त्याच अर्ध्या फेऱ्यात नट पहिल्यावर ०.५३ मिमी उतरतो, तर दुसऱ्यावर ०.६३ मिमी. जाड स्टड घातलाय आणि सवयीने तेवढंच फिरवताय, तर लिफ्टर जास्त दबतोय हे ध्यानात ठेवा. फार दबला तर व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही.

शेवटी एवढंच

एकावेळी एकच गोष्ट बदला, पुन्हा मोजा आणि वहीत लिहा. रॉकर, पुशरॉड, स्प्रिंग सगळं एकदम बदललं आणि आवाज थांबला, तर दोष कशात होता ते कळणारच नाही. आणि काढलेले पार्ट फेकू नका, ते कोणत्या सिलिंडरचे हे लिहून क्रमाने मांडून ठेवा. दोष एकाच सिलिंडरवर असेल तर तिथलाच पार्ट किंवा फिटिंग बघा. सगळ्यांवर सारखाच असेल तर मापच चुकलंय, आणि मग नवा सेट आणूनही तोच आवाज परत येणार.