भंगारवाला नेत नाही, त्याचं काय?

पन्नाशीच्या यवतमाळकराला कचरा विकायला शिकवावं लागत नाही. रद्दीचा गठ्ठा सुतळीने बांधून तयार असतो आणि भंगारवाल्याने काटा मारला की त्याच्या ते लगेच ध्यानात येतं. अडतं ते ज्याला भाव नाही त्यापाशी. काही गैरसमजही तिथेच रुजतात.

गैरसमज : केंद्र जवळ नाही, म्हणून आपल्याकडे रिसायकलिंग होत नाही.
वस्तुस्थिती : रद्दी, लोखंड, पत्रा, पाण्याच्या बाटल्या दारातूनच जातात. याहून सोयीचं केंद्र कुठलं? पण भंगारवाल्याचं पोट नफ्यावर चालतं. कुरकुऱ्याच्या पाकिटात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून तो हात लावत नाही. लांबच्या केंद्राची अडचण खरी आहे, ती अशा मालापुरती. त्यासाठी नगरपालिकेची सोय घराजवळ हवी, नाहीतर पन्नी चुलीत नाही तर नालीत जाते.

गैरसमज : घंटागाडीत सगळं एकच होतं, मग घरी वेगळं कशाला करायचं?
वस्तुस्थिती : कोरडा कागद किलोने विकला जातो, भाजीच्या देठांत भिजला की तोच कुणी घेत नाही. म्हणूनच 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरीच वेगळा करायला सांगितलं. गाडीवाला तो एकत्र करत असेल तर नगरपालिकेला जाब विचारता येतो. आपणच एकत्र दिला असेल, तर विचारायचं कोणत्या तोंडाने?

गैरसमज : बाटलीची पुन्हा बाटलीच होते.
वस्तुस्थिती : पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक आणि पॉलिस्टर कापड मुळात एकच. जुन्या बाटल्यांचा चुरा वितळवून बराचसा धागाच काढतात. म्हणजे कापसाच्या जिल्ह्यात विकलेली बाटली कापसाचीच स्पर्धक होऊन बाजारात येऊ शकते.

गैरसमज : फवारणीच्या औषधाचा डबा सोड्याने धुतला की पाण्याला चालतो.
वस्तुस्थिती : चालत नाही. विषाचा अंश प्लास्टिकमध्ये मुरतो. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि डब्याला भोकं पाडा. कीटकनाशक नियम, 1971 प्रमाणेही कुणाला पुन्हा वापरता येईल असा डबा उघड्यावर टाकायचा नसतो. घरातली प्रत्येक वस्तू कामी आणणाऱ्या पिढीने एवढी एक वस्तू मात्र निकामीच करायला हवी.