चकतीविना संगणक : निकामी ठरलेल्या यंत्रांचा पुनर्वापर

अनेक शाळांच्या संगणक कक्षात एक दृश्य आढळते. ओळीने मांडलेल्या संगणकांपैकी काही कायमचे झाकून ठेवलेले असतात. हार्ड डिस्क बिघडलेली, स्मृती अपुरी आणि दुरुस्तीसाठी तरतूद नाही, अशी ही यंत्रे प्रथम जडसंग्रह नोंदवहीत पडून राहतात व पुढे निर्लेखित होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार संपुष्टात आल्याने हा प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. तथापि, चकती गेली म्हणजे संगणक गेला, असे मुळीच नव्हे.

कल्पना जुनीच

चकती नसलेल्या संगणकाने आपली कार्यप्रणाली नेटवर्कवरून मागवून घेणे, ही पद्धत नवी नाही. त्यासाठी लागणारा ‘टीएफटीपी’ हा संकेत १९८१ मध्ये आणि ‘बूटपी’ हा संकेत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ मध्ये आलेला ‘डीएचसीपी’ हा बूटपीचाच विस्तार होय. इंटेल कंपनीने पुरस्कारिलेल्या ‘पीएक्सई’ पद्धतीची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये निघाली आणि त्यानंतरच्या बहुतेक संगणकांत ही सोय उपजतच आली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पा’ने, म्हणजेच ‘एलटीएसपी’ने, ती शाळांच्या आवाक्यात आणली. ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे.

कार्य कसे चालते?

संगणक सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड जाळ्यावर पुकारा करते : ‘माझा पत्ता कोणता, आणि मी काय मागवावे?’ सर्व्हरवरील डीएचसीपी सेवा त्यास पत्ता व एका फाइलचे नाव कळविते. टीएफटीपीच्या साहाय्याने ती लहान फाइल येते, आणि तिच्यामागून कार्यप्रणालीचा गाभा व प्रारंभिक साहित्य येते. त्यानंतर सर्व्हरवरील मोठा फाइलसंग्रह जाळ्यावरूनच जोडला जातो व काम सुरू होते. यासाठी संगणकाच्या बायोसमध्ये ‘नेटवर्क बूट’ हा पर्याय प्रथम क्रमांकावर ठेवावा लागतो.

टीएफटीपी मूळ स्वरूपात एका वेळी केवळ ५१२ बाइट पाठविते व प्रत्येक तुकड्याची पोच घेते. ४० मेगाबाइटची फाइल म्हणजे ऐंशी हजारांहून अधिक तुकडे. यास्तव टीएफटीपीने फक्त ‘आयपीएक्सई’ हा लहान प्रोग्रॅम आणावा आणि मोठ्या फाइल त्याच्याकरवी एचटीटीपी मार्गाने आणाव्यात, हे श्रेयस्कर.

स्मृती अपुरी असल्यास

येथेच बहुधा चूक होते. संपूर्ण कार्यप्रणालीची प्रतिमा संगणकाच्या स्मृतीत उतरविण्याचा प्रयत्न केला जातो. दीड गिगाबाइटची प्रतिमा एक गिगाबाइट स्मृतीत मावणे शक्यच नाही. प्रतिमा सर्व्हरवरच ठेवून लागेल तेवढाच भाग जाळ्यावरून वाचावा, हा त्यावरील उपाय होय.

चकती नसल्याने आणखी एक अडचण येते. स्मृती भरल्यावर जादा मजकूर ठेवण्यास जागा उरत नाही आणि यंत्र अडकून पडते. त्यासाठी ‘झेडरॅम’चा अवलंब करावा. त्यायोगे स्मृतीतील मजकूर दाबून कमी जागेत बसविला जातो. ही सोय २०१४ पासून लिनक्सच्या गाभ्यात अंतर्भूत आहे.

स्मृती फारच थोडी असेल, तर सर्व प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवून समोरच्या यंत्राने केवळ पडदा व कळफलक सांभाळावा. मात्र मग सर्व भार सर्व्हरवर पडतो. एलटीएसपीच्या जुन्या मार्गदर्शिकेत यासाठी २५६ मेगाबाइट अधिक दर वापरकर्त्यामागे १९२ मेगाबाइट, असे सूत्र दिले होते. पंधरा विद्यार्थ्यांसाठी ते ३,१३६ मेगाबाइट होते. आजचे ब्राउझर त्याहून पुष्कळ अधिक स्मृती घेतात. त्यामुळे हे प्रमाण किमान समजूनच नियोजन करावे.

दक्षता

या व्यवस्थेत सर्व्हर बंद पडला की सारा कक्ष बंद पडतो. म्हणून सर्व्हरला यूपीएसची जोड हवी आणि विद्यार्थ्यांच्या कामाची प्रत नियमितपणे अन्यत्र ठेवावयास हवी. एकाच जाळ्यावर दोन डीएचसीपी सेवा परस्परांशी मेळ न घालता चालविल्यास गोंधळ माजतो. इंटरनेटच्या राउटरमध्येही ही सेवा असते, याचे विस्मरण होऊ नये. टीएफटीपीत परवलीच्या शब्दाची सोय नसल्याने कक्षाचे जाळे कार्यालयीन जाळ्यापासून वेगळे ठेवणे इष्ट. जाळे वायरचे असावे. वाय-फायवर ही पद्धत सहसा चालत नाही.

निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी एवढे अवश्य तपासून घ्यावे : यंत्राचा मुख्य बोर्ड चालू आहे काय, स्मृती किती आहे आणि नेटवर्क कार्ड पीएक्सई जाणते काय? प्रथम एक सर्व्हर व दोन यंत्रे यांवर प्रयोग करून मगच विस्तार करावा. गावातील पैशातून घेतलेले यंत्र आणखी काही वर्षे मुलांच्या हाताखाली राहिले, तर तो त्या पैशाचा खरा विनियोग ठरेल.