मोदल कागदा तोरसप्पा!

कर्जाला कन्नडमध्ये ‘साला’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द शिवीसारखा लागतो, आणि जुन्या क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तो तसा लागला तर चुकीचंही नाही. बँक विसरली, आपणही विसरलो असं वाटत असतं. आणि सात-आठ वर्षांनी भलत्याच कंपनीचा माणूस दारात उभा राहतो.

आमच्या घरी हेच झालं. माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भावजींनी, २०१४ साली बेंगळूरला नोकरीत असताना कार्ड घेतलं होतं. २०१६ मध्ये कंपनी बंद पडली, ते बेळगावला परत आले. कार्डाचे ४६ हजार राहिले ते राहिलेच. २०२४ मध्ये एक इंग्रजी पत्र आलं, त्यात आकडा होता २ लाख ८५ हजार! महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्यावर दंड. आकडा फुगायला कितीसा वेळ लागतो?

पत्र बँकेचं नव्हतंच. कर्ज ‘राइट ऑफ’ केलं म्हणजे माफ केलं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. ती बँकेच्या हिशेबवहीतली नोंद. पुढे अशी बुडीत कर्जं गठ्ठ्यानं, बरीच कमी किंमत घेऊन, मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकली जातात. २००२ च्या सरफेसी कायद्यानं त्याला वाट करून दिली. पण विकत घेणाऱ्याला बँकेकडे होते तेवढेच हक्क मिळतात. कर्जाचा मालक बदलला म्हणून मुदतीचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही.

ही मुदत महत्त्वाची. बावीस वर्षं वकिलांच्या ऑफिसात टायपिंग केल्यामुळे १९६३ चा मुदतीचा कायदा माझ्या बोटांना पाठ आहे. अशा साध्या कर्जासाठी दाव्याची मुदत तीन वर्षं. मुदत चालू असताना कर्जदारानं सही करून कर्ज कबूल केलं, किंवा थोडे पैसे भरून तशी लेखी नोंद झाली, तर ती तीन वर्षं नव्यानं मोजतात. भावजींनी २०१६ नंतर एक पैसा भरला नव्हता, कुठं सही केली नव्हती. म्हणजे कोर्टाचा रस्ता २०१९ मध्येच बंद झाला होता.

मग तो माणूस कशाला आला? सहीसाठी! त्याच्याकडे छापील फॉर्म होता: रक्कम मान्य आहे, हप्त्यानं फेडीन. “आत्ता फक्त दोन हजार भरा आणि इथं सही करा.” मुदत संपून गेल्यावर नुसत्या दोन हजारांनी कर्ज कोर्टात जिवंत होत नाही. पण फेडण्याचं लेखी, सहीचं वचन दिलं, तर १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमानुसार तो नवा करार होतो. मेलेल्या कर्जात जीव येतो तो इथं.

भावजी दुकानात होते. तो सासूबाईंकडे वळला. “अव्वा, साला तीरिसबेकल्ल री,” आवाज गोड, पण पुढे घरावर जप्ती येईल असंही सुचवलं. घर सासूबाईंच्या नावावर, त्या ना कर्जदार ना जामीन. कार्डाच्या कर्जाला काही तारण नसतं. कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुणी काडीलाही हात लावू शकत नाही. हे मी मागून सांगितलं. त्याआधीच त्या त्याला म्हणाल्या, “मोदल कागदा तोरसप्पा!” आधी कागद दाखव बाबा. कर्ज विकल्याचा कागद, खात्याचा उतारा, त्याचं ओळखपत्र. त्याच्याकडे फॉर्मशिवाय काही नव्हतं.

मग फोन सुरू झाले, रात्री नऊलासुद्धा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये परिपत्रक काढून थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई केली, धमक्यांना आणि नातेवाइकांना छळण्यालाही. फोनच्या वेळा लिहून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मी पत्र धाडलं. त्यात ‘हे कर्ज आम्हाला मान्य आहे असं समजू नये’ हे वाक्य मुद्दाम घातलं. फोन थांबले.

“मग आता द्यायचंच नाही का?” सासूबाईंनी विचारलं. मला वाटतं प्रश्न बरोबर होता. मुदत गेली तरी देणं पुसलं जात नाही, फक्त दावा लागत नाही. शिवाय भावजींना दुकानासाठी कर्ज हवं होतं आणि सिबिलच्या अहवालात ‘रिटन ऑफ’ लिहिलेलं. (वर्षातून एकदा हा अहवाल फुकट मिळतो, मागवून बघा.) “मुद्दल बुडवायचं नाही, व्याजाला मात्र हात जोडायचे,” असा निकाल त्यांनी दिला.

आम्ही काही लिहून दिलं नाही, कंपनीकडूनच लेखी मागवलं. दोन महिन्यांच्या घासाघिशीनंतर ४६ हजारांत पूर्ण आणि अंतिम तडजोड, असं लेटरहेडवरचं पत्र आलं. पैसे एकरकमी, बँकेतून थेट कंपनीच्या खात्यात. एजंटाच्या हातात रुपया नाही. मग ‘येणे बाकी नाही’चा दाखला. सिबिलमध्ये आता ‘सेटल्ड’ दिसतं. ‘क्लोज्ड’इतकं ते चांगलं नाही, नव्या बँका अजून नाक मुरडतात. पण ही दुरुस्तीही आपोआप झाली नाही, तक्रार करावी लागली. तक्रार तीस दिवसांत मिटली नाही तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. आमची सव्विसाव्या दिवशी मिटली. दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढून एक भावजींकडे दिली, एक माझ्याकडे आहे. मूळ कागद सासूबाईंनी घराच्या उताऱ्यांबरोबर ट्रंकेत ठेवलाय.