घरचा मोडेम बंद पडला तर : दोष शोधण्याची रीत

व्यापाऱ्याच्या पेढीस बाहेरच्या जगाशी जोडणारी साधने काळानुरूप बदलत आली आहेत. टपाल, तार, दूरध्वनी ही एकामागून एक आली. त्यांपैकी तारेची सेवा तर जुलै २०१३ मध्ये बंदही झाली. आज ते काम कपाटामागे किंवा कोनाड्यात ठेवलेली एक लहानशी पेटी करीत असते. तिला आपण मोडेम म्हणतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून कराची विवरणपत्रे, मालाच्या वाहतुकीची ई-वे बिले आणि बँकेचा भरणा यांतील बराच भाग घरी बसूनच या पेटीच्या साहाय्याने होतो. ती चालू आहे तोवर तिची कोणास आठवण नसते. ती बंद पडली म्हणजे मात्र घरातील मंडळी तिच्याभोवती जमतात आणि ज्यास जे सुचेल ते तो करू लागतो. या घाईने मूळ दोषापेक्षा अधिक नुकसान होते. आमच्याच घरचा एक प्रसंग त्याची साक्ष देईल.

२०२३ सालच्या जुलै महिन्याची २० तारीख होती. बेळगावात पावसाची झड लागलेली, आणि मासिक विवरणपत्र भरण्याचा तो अखेरचा दिवस. सायंकाळी संगणक उघडला तो इंटरनेट नाही. मोडेमवरील सर्व दिवे एकदम लागत, क्षणभर थांबत व विझत. पुन्हा लागत, पुन्हा विझत. मोडेमच बिघडला असे समजून चिरंजीवांनी मागील बारीक छिद्रात टाचणी घालून रीसेटचे बटण दहा सेकंद दाबून धरले. काही उपयोग झाला नाही. शेजारी विजेच्या सामानाचे एक व्यापारी राहतात. त्यांनी येऊन मोडेमकडे न पाहता प्रथम त्याचा अ‍ॅडॅप्टर काढून घेतला. मीटरवर त्याचा दाब बरोबर १२ व्होल्ट भरला. आम्ही म्हणालो, "मग हा तर चांगला आहे." ते म्हणाले, "अण्णा, रिकाम्या गाडीस बैल ओढतो म्हणून भरल्या गाडीस ओढेलच असे नाही." त्यांनी अ‍ॅडॅप्टरला १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचा तुकडा जोडला. त्याबरोबर मीटरचा आकडा ९ च्या आसपास डळमळू लागला व पट्टी मंद लुकलुकू लागली. दोष अ‍ॅडॅप्टरमध्ये होता. मोडेम निर्दोष होता.

दुकानातून नवा अ‍ॅडॅप्टर आणून लावताच दिवा स्थिर झाला, परंतु इंटरनेट आले नाही. रीसेट केल्यामुळे मोडेममध्ये भरलेले ग्राहकनाम व परवलीचा शब्द पुसले गेले होते, आणि ते आमच्यापाशी कोठेच लिहून ठेवलेले नव्हते. शेवटी सूनबाईंनी आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट संगणकास जोडून दिला आणि रात्री साडेअकराला विवरणपत्र भरले गेले. घरचे इंटरनेट मात्र कंपनीचा माणूस येईपर्यंत आणखी दोन दिवस बंद राहिले. अ‍ॅडॅप्टरच्या दोषाने काही तासांची अडचण झाली असती. ती दोन दिवसांवर गेली ती आमच्या उतावीळपणाने.

तेरीज जुळत नाही म्हणून कोणी खतावणी फाडून टाकीत नाही. रोजमेळापासून एकेक रक्कम ताडून पाहतो. मोडेमच्या बाबतीत हाच क्रम पाळावा. वीज जेथून येते तेथून तपासास आरंभ करावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. त्याआधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तातडीचे काम उरकून घ्यावे, म्हणजे तपास शांत चित्ताने करता येतो.

वीज येते का?

मोडेमवर एकही दिवा नसेल तर प्रथम त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर किंवा टेबलावरचा दिवा लावून पाहावा. सॉकेट सैल असणे, बोर्डवरचे बटण चुकून बंद होणे, एक्स्टेंशनची पिन निसटणे ही कारणे क्षुल्लक वाटली तरी वारंवार आढळतात. मोडेमच्या मागे बहुधा एक स्वतंत्र चालू-बंद बटण असते, तेही पाहावे.

अ‍ॅडॅप्टर का थकतो?

घरातील वीज २३० व्होल्टची व उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते. मोडेमला बहुधा १२ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज लागते. हे रूपांतर अ‍ॅडॅप्टर करतो. त्यातील कपॅसिटर नावाचे लहान नळकांडे विजेतील चढउतार सपाट करते. पाण्याची टाकी नळाचा प्रवाह एकसारखा ठेवते तसाच हा प्रकार. या नळकांड्यात द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. तपमान १० अंश सेल्सियसने वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मोडेम रात्रंदिवस चालू असतो आणि अ‍ॅडॅप्टर पुष्कळदा पडद्यामागे किंवा कपाटामागे कोंडलेला असतो. म्हणून मोडेमपूर्वी अ‍ॅडॅप्टर थकण्याची शक्यताच अधिक.

थकलेला अ‍ॅडॅप्टर एकदम मरत नाही, आणि खरी फसगत येथेच होते. भार नसताना तो पुरा दाब दाखवितो. मोडेम काम करू लागला की दाब कोसळतो. मोडेम बंद होतो, भार उतरतो, दाब पुन्हा चढतो व मोडेम पुन्हा सुरू होऊ पाहतो. दिवे लागणे-विझणे चालू राहते ते यामुळे. घरातील अनेक जण एकदम वाय-फाय वापरू लागले की मोडेम बंद पडणे, अ‍ॅडॅप्टर नेहमीपेक्षा फार तापणे, त्यातून बारीक चिरचिर ऐकू येणे, ही त्याची आणखी लक्षणे होत. सबब नुसत्या मीटरवर विसंबू नये. त्याच मापाचा दुसरा चांगला अ‍ॅडॅप्टर लावून पाहणे हीच सोपी व खरी परीक्षा होय.

अ‍ॅडॅप्टर स्वतः उघडू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. इतक्या स्वल्प किमतीच्या वस्तूसाठी जीव धोक्यात घालणे शहाणपणाचे नव्हे.

नवा अ‍ॅडॅप्टर घेताना

जुना अ‍ॅडॅप्टर दुकानी बरोबर न्यावा व त्यावरील मजकूर पुढील चार बाबतींत ताडून पाहावा.

१. व्होल्ट तंतोतंत तेच असावेत. १२ च्या जागी ९ चालणार नाही, आणि लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावल्यास मोडेम जळण्याचे भय आहे. 'आउटपुट' या शब्दापुढे डीसी आहे की एसी, हेही पाहावे.

२. अँपिअर तितकेच किंवा अधिक असावेत, कमी नसावेत. मोडेम आपल्या गरजेपुरताच प्रवाह घेतो, म्हणून १ अँपिअरच्या जागी २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर खुशाल चालतो.

३. अ‍ॅडॅप्टरवर अधिक व उणे यांची एक लहान आकृती असते. मध्यभागी बहुधा अधिक चिन्ह असते, तथापि ते जुन्या आकृतीशी जुळते याची खात्री करून घ्यावी.

४. गोल पिनेची बाहेरची जाडी ५.५ मिलिमीटर असली तरी आतील छिद्र २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे असू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मोठ्या छिद्राची पिन बारीक काडीवर सैल बसते आणि हात लागताच मोडेम बंद होतो.

भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहून माल घ्यावा. आपण व्यापारी, बिनखुणेच्या स्वस्त मालाचा हिशेब शेवटी महाग पडतो, हे आपणांस कोणी सांगावयास नको.

दिव्यांची भाषा

विजेचा दिवा स्थिर राहिला म्हणजे तपासाचा पहिला टप्पा संपला. आता बाहेरून येणारा मार्ग पाहावा. फायबरची जोडणी असल्यास 'पॉन' हा दिवा स्थिर हवा. 'लॉस' हा तांबडा दिवा लागला तर बाहेरून येणारा प्रकाश मोडेमपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. काचेची तार कोठे दुमडली किंवा कपाटाखाली चेपली आहे का, तेवढे पाहावे व कंपनीस कळवावे. अ‍ॅडॅप्टर बदलून हा दोष जाणार नाही. तारेचे टोक डोळ्यासमोर धरून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण अपाय करू शकतो. जुनी तांब्याची दूरध्वनी-तार असल्यास रिसीव्हरमध्ये टोन येतो का व तारेचे सांधे गंजले आहेत का, हे पाहावे.

हे दिवे ठीक असून इंटरनेट नसेल तर संगणक केबलने थेट मोडेमला जोडावा. केबलवर चालले व वाय-फायवर चालले नाही, तर दोष वाय-फायपुरताच आहे. केबलवरही चालले नाही, तर मोडेम बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावा. बंद करून चालू करणे वेगळे आणि रीसेट करणे वेगळे. पहिल्याने काही पुसले जात नाही. दुसऱ्याने भरलेली सर्व माहिती जाते. कंपनीच्या माणसाने सांगितल्यावाचून टाचणीस हात लावू नये.

आधीच घ्यावयाची काळजी

ग्राहक क्रमांक, ग्राहकनाम, परवलीचे शब्द व तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक घरच्या वहीत आजच लिहून ठेवावेत. अ‍ॅडॅप्टर मोकळ्या हवेत ठेवावा. विजांचा कडकडाट होऊ लागला की त्याची पिन काढावी, आणि तांब्याची तार असल्यास तीही सोडवावी; विजेचा झटका दोन्ही वाटांनी येतो. ज्यांचा व्यवहार इंटरनेटवाचून अडतो त्यांनी योग्य मापाचा एक अ‍ॅडॅप्टर शिलकेत ठेवावा. आमच्या घरी तो आता हिशेबाच्या कपाटात वहीशेजारी ठेवलेला असतो, आणि मोडेमच्या मागील छिद्रावर चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने कागदाची पट्टी चिकटविली आहे.