ज्याची चिठ्ठी त्याच्या हाती

श्रोतेहो, नागपूरहून वर्ध्याच्या वाटेने निघाले की बुटीबोरी लागते. तिथली औद्योगिक वसाहत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. समजा, तिथल्या एखाद्या कारखान्यात चार टाक्या आहेत आणि त्यांच्या तापमानावर संगणकाने नजर ठेवायची आहे. त्यासाठी चार वेगळे प्रोग्रॅम लिहीत नाहीत. एकच लिहितात आणि त्याची चार कामे एकाच वेळी चालवतात. अशा प्रत्येक कामाला टास्क म्हणतात. आपण त्याला गडी म्हणू.

आता चारही गडी एका साच्यातले. मग आपली टाकी कोणती, हे गड्याला कळावे कसे?

सोपा वाटणारा मार्ग असा : मालकाने फळ्यावर १ लिहावा, पहिल्याला हाक मारावी, तो पुसून २ लिहावा, दुसऱ्याला हाक मारावी. पण हाक ऐकताच गडी फळ्याकडे पाहतोच असे नाही, आणि मालकाचा हात तर भरभर चालतो. गडी मान वर करतात तोवर फळ्यावर ४ आलेला असतो. चौघेही चौथ्या टाकीपाशी जातात आणि पहिली टाकी तापत राहते! बरे, ही चूक रोज होत नाही. म्हणून ती लवकर सापडतही नाही.

ही नुसती कल्पना नव्हे. २००९ साली गूगलने जाहीर केलेल्या ‘गो’ भाषेत पुष्कळ प्रोग्रॅम असेच फसत, कारण फेऱ्यांचा आकडा सर्व फेऱ्यांना मिळून एकाच जागी लिहिलेला असे. फेब्रुवारी २०२४ मधल्या १.२२ या आवृत्तीपासून प्रत्येक फेरीला स्वतंत्र जागा मिळू लागली.

‘ॲडा’ भाषेने ही गोष्ट आधीच ओळखली होती. तिच्या १९८३ च्या नियमांत गडी आधी कामाला उभा राही, मग मालक भेटून त्याला आकडा सांगे. जो आधी येई तो दुसऱ्यासाठी थांबे, म्हणून घोटाळा नसे. मात्र एखाद्याला सांगायचे राहून गेले, तर तो बिचारा वाट पाहतच बसे. १९९५ च्या नियमांनी गड्याला उभा करतानाच आकड्याची चिठ्ठी हाती देण्याची सोय केली. ही चिठ्ठी पुढे बदलता येत नाही.

माहिती मोठी असेल, तर चिठ्ठीवर ती ठेवलेल्या जागेचा पत्ता देतात. इथे मात्र जपावे. चौघांना एकच पत्ता दिला आणि तिथला मजकूर मध्येच बदलला, तर आपण पुन्हा त्या फळ्यापाशीच येऊन पोचलो!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात एकदा हे करून पाहा. दहा मुलांना गणिताचे क्रमांक आधी फळ्यावर भरभर लिहून-पुसून द्या, मग चिठ्ठ्या वाटून द्या. दोन्ही वेळा कोणी कोणते गणित सोडवले ते ताडून पाहा. मुलांना फरक आपोआप कळेल.