झांझिबारची मोटार आणि कपाळावरची आठी

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात एक मोटार झांझिबारला निघते. ‘टू झांझिबार बाय मोटर कार’. चेहऱ्याच्या नसेला, म्हणजे फेशियल नर्व्हला, कानापुढच्या लाळग्रंथीत पाच फाटे फुटतात: टेंपोरल, झायगोमॅटिक, बक्कल, मँडिब्युलर, सर्व्हायकल. ही आद्याक्षरं विसरू नयेत म्हणून विद्यार्थी हे वाक्य घोकतात. व्हायवाला पाच नावं धडाधड सांगितली की मार्क मिळतात, आणि मोटार तिथेच उभी राहते.

मग कधीतरी तोच विद्यार्थी मेडिसिनच्या वॉर्डात येतो. खाटेवरच्या काकांचं तोंड सकाळपासून एका बाजूला ओढलं गेलंय. मॅडम म्हणतात, “त्यांना भुवया वर करायला सांग.”

“काका, भुवया वर करा बघू जरा.”

कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ्या पडतात. मॅडमचा चेहरा गंभीर होतो आणि काकांना लगेच सीटी स्कॅनला नेतात.

असं का? कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतो, ओठांजवळच्या स्नायूंना मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. म्हणून मेंदूच्या एका बाजूला झटका आला, तर तोंड वाकडं होतं पण कपाळ बहुधा हलतं. बेल्स पाल्सीत नसच बिघडते, तेव्हा त्या बाजूचं कपाळ गुळगुळीत राहतं आणि डोळाही नीट मिटत नाही. दुखणं मेंदूत आहे की नसेत, याचा अंदाज कपाळावरच्या एका आठीवरून! हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी त्या रात्री तेच जुनं पान उघडतो, पण वाचतो वेगळं. आता त्याला नावं नको असतात, ‘का’ हवं असतं.

वाचण्यातला हा फरक स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी 1976 साली मांडला. मुलांना त्यांनी एक मजकूर वाचायला दिला आणि नंतर तो कसा वाचला, हे विचारलं. काहींनी शब्द पकडून ठेवले होते, काहींनी लेखकाला काय म्हणायचंय ते शोधलं होतं. वरवरचा अभ्यास आणि खोल अभ्यास ही जोडी तिथून रूढ झाली. मार्कांचा हिशेब मांडून केलेला अभ्यास हा तिसरा प्रकार पुढे तिला येऊन मिळाला.

वर्षं सरतील तशी मुलं आपोआप खोल जात असतील, असं आपल्याला वाटतं. तसं होतंच असं नाही. मला याचं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडचं. तिथे डेव्हिड न्यूबल आणि केरी जेगर यांनी 1983 साली एक गंमत नोंदवली. मुलांनी वॉर्डात जास्त रमावं म्हणून शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा काढून वॉर्डातल्या कामावर गुण द्यायला सुरुवात झाली होती. घडलं उलटंच. या गुणांवर सहसा कुणी नापास होत नाही, भीती फक्त लेखी परीक्षेची आहे, हे मुलांनी ओळखलं आणि ती वॉर्ड सोडून लायब्ररीत जाऊन बसली. मग नव्या पद्धतीची प्रात्यक्षिक परीक्षा आणली, तशी मुलं पुन्हा खाटांपाशी दिसू लागली. विद्यार्थी तसेच, रुग्णही तसेच. बदलली होती फक्त परीक्षा. म्हणून ‘हल्लीची मुलं नुसती पाठ करतात’ हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं. आधी त्यांची प्रश्नपत्रिका पाहा.

याहून अचंबा वाटावा अशी गोष्ट नेदरलँड्समधल्या हेंक श्मिट आणि हेनी बॉशुइझेन यांनी अभ्यासली. एका रुग्णाची हकिकत नवख्यांना, वरच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना आणि अनुभवी डॉक्टरांना वाचायला द्यायची, आणि नंतर आठवेल ते लिहायला सांगायचं. सगळ्यात जास्त कुणाला आठवावं? वरच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना! निदान अचूक करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं त्यांच्याहून कमी. त्यांचं ज्ञान आटलेलं नसतं, त्याची घडी बसलेली असते. शरीररचना, शरीरक्रिया, रसायनं हे सगळं रुग्ण पाहून पाहून एकेका नेमक्या कल्पनेत गुंडाळलं जातं. ‘मेंदूचा झटका’ या दोन शब्दांत झांझिबारची मोटारही बसलेली असते आणि दोन्हीकडून येणारे हुकूमही. केस अवघड निघाली की डॉक्टर ती घडी उलगडतो.

ही घडी घालायला रुग्ण लागतात, आणि पुष्कळ लागतात. भारतात 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा पहिल्याच वर्षापासून मुलांना रुग्णांपर्यंत न्यायची तरतूद झाली, ती म्हणूनच मोलाची आहे. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एवढाच वेळ त्यांच्या हाती असतो.

तेव्हा सरकारी रुग्णालयात कधी जाणं झालं, आणि नवाकोरा पांढरा कोट घातलेली एखादी मुलगी बिचकत “भुवया वर करता का?” म्हणाली, तर तिला दोन मिनिटं द्या.